डाव्या बाहीचा फितूर

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल बालदिन होता. ज्यांच्यासाठी होता त्या बालकांपैकी निम्म्यांना मिशा फुटल्या आहेत. शाळेचं पटांगण, नववी-दहावीची दोनशे मुलं, आणि हातात रंगीत रुमाल घेऊन मी, जादूगार महेश्वर, वय एकोणपन्नास, अनुभव सव्वीस वर्षांचा.

रुमाल मुठीत कोंबला तोच पुढच्या रांगेतून आवाज आला, "आता डाव्या खिशात." रुमाल डाव्या खिशातच गेला होता. मग दुसरा म्हणाला, "अंगठा बघ बे, खोटाय." अंगठा खोटाच होता. चौथ्या प्रयोगाला मी पेटीला हातही लावला नव्हता, तर एकानं आत काय आहे ते सांगितलं आणि शेजारच्यानं ते कुठून निघणार ते. आभार मानताना मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त सहभाग घेतला."

खोटा अंगठा आता मोबाइलवर कोणालाही सापडतो, हे मला मान्य आहे. पण डावा खिसा मोबाइलवर नाही. तो माझा आहे. सगळे जादूगार उजवा वापरतात, मी दहा वर्षांपूर्वी डाव्यावर आलो. हे मुलांना आपोआप कळत नाही. कोणीतरी सांगावं लागतं.

घरी आलो तर मेहुणा, मल्लेश, येऊन बसलेला. त्याचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. "दाजी, एक फेब्रुवारीपासून दुकानात या की. तुमाला बोलायची कला हाय. टॉवेल उलगडून दाखवताना लई उपयोगी पडंल." बायको, म्हणजे वैजयंती, काही बोलली नाही. तिचं न बोलणं हे मल्लेशच्या बोलण्याला अनुमोदन असतं.

मी म्हटलं, एक कार्यक्रम आणखी. मोठ्या मुलांसमोर, नवीन प्रयोग बसवून. तोही पडला तर येतो टॉवेल उलगडायला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

संशय घ्यावा अशी गोष्ट घडली. काम मिळालं.

आमच्या घरासमोर, भवानी पेठेतल्या या आठ फुटी बोळाच्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर विरेश सरांचा दहावीचा क्लास आहे. आम्हीही दुसऱ्या मजल्यावर. सर आज स्वतः जिना चढून आले. एकवीस डिसेंबरला क्लासचं स्नेहसंमेलन आहे, जादूचा कार्यक्रम ठेवायचा म्हणाले.

"मीच का?" मी विचारलं.

"पोरांनीच तुमचं नाव सुचवलं. संध्याकाळच्या बॅचनं. एकमतानं."

बेचाळीस मुलांचं एकमत? या मुलांचं दोन अधिक दोनवरही एकमत होत नाही. बालदिनाची बातमी पोहोचली असणार. माझी फजिती दुसऱ्यांदा, आणि या वेळी जवळून बघायची आहे त्यांना.

जाता जाता सर दमलेल्या आवाजात म्हणाले, "बॅच चांगली आहे हो, फक्त खिडकीकडच्या बाकावरून मारामाऱ्या करतात. मी आता पाळ्या लावून दिल्यात."

क्लासचे पंखे बंद पडले असतील. एवढी फी घेतात, पंखे दुरुस्त करायला काय होतं?

१९ नोव्हेंबर, बुधवार

मुलगी रेश्मा पंधरा वर्षांची आहे आणि त्याच क्लासच्या सकाळच्या बॅचला जाते. तिला म्हटलं, तुझ्या वयाच्या मुलांना काय आवडतं ते सांग. तिनं काय आवडत नाही ते सांगायला घेतलं आणि अर्धा तास पुरला नाही.

"आधी ते 'बाळांनो' बंद करा. मग ते टाळ्या मागणं. आवडलं तर वाजवतील, नाहीतर नाही. आणि बाबा, कोणाला वर बोलावून कानातून नाणं काढू नका."

"का? हुकमी हशा असतो."

"हशा तुम्हाला मिळतो. वर आलेल्या मुलीला पुढं वर्षभर 'गल्ला' म्हणतात."

हे मला सव्वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्या कानातून नाणी काढली त्या साऱ्यांची एकदम आठवण झाली आणि बरं वाटलं नाही.

"शेवटी व्यसनमुक्तीचा संदेश देऊ नका. आणि खिडकीला पडदा लावा."

"पडद्याचं काय मध्येच? डास नाहीत सध्या."

तिनं माझ्याकडे पाहिलं, दप्तर उचललं आणि निघून गेली. मी सरावाला उभा राहिलो की तिला शेजाऱ्यांची लाज वाटते, दुसरं काय.

रात्रीच्या जेवणाआधी यादीवर काट मारली. रुमाल: गेले. कबुतर: त्याला पाहून मुलं त्याच्या खाण्यापिण्याची चौकशी करतात, जादू बाजूलाच राहते. न संपणारा पाण्याचा लोटा: जिथं नळ पाचव्या दिवशी येतो तिथं या प्रयोगाला फक्त आया हळहळतात. उरलं काय? एकच सूत्र सापडलं. वस्तू माझी असली की ती मुलांना खोटी वाटते. वस्तू त्यांची हवी. त्यांच्या गळ्यातलं क्लासचं ओळखपत्र घ्यायचं, गायब करायचं आणि सरांच्या बंद डब्यातून काढायचं.

२३ नोव्हेंबर, रविवार

फितुराचा विचार डोक्यातून जात नाही.

माझ्या सगळ्या पेट्या, टेबलं, नळकांडी खाजाभाई बनवतात. एरवी पत्र्याच्या ट्रंका आणि प्रवासी बॅगा दुरुस्त करतात. बावीस वर्षांत त्यांनी बनवलेली एकही पेटी चुकीच्या वेळी उघडलेली नाही. प्रत्येकीचं पोट त्यांना माहीत आहे. आणि त्यांचा नातू नववीत आहे. त्याच शाळेत.

आज दुकानात गेलो तर ते बाकड्यावरच्या कशावर तरी पोतं टाकून उठले.

"काय लपवताय, खाजाभाई?"

"काही नाही, मास्टर. दुसऱ्याचं काम हाय."

दुसऱ्याचं! कुठल्या दुसऱ्याचं? सोलापुरात जादूगार साडेतीन.

तसं पाहिलं तर संशय फक्त त्यांच्यावर घेणं अन्यायाचं होईल. म्हणून तिघांवर घेतला आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सापळा लावला. एकाच प्रयोगाच्या तीन खोट्या कृती तिघांना सांगितल्या.

वैजयंतीला सांगितलं की ओळखपत्राची हुबेहूब नक्कल आधीच डब्यात ठेवणार. ती म्हणाली, "बरं." रेश्माला सांगितलं की बारीक दोरा आहे. ती म्हणाली, "ई, दोरा?" खाजाभाईंना सांगितलं की टेबलात चोरकप्पा हवा, आवाज न करता उघडणारा. ते खुलले. "मास्टर, लई दिवसांनी कामाचं काम आणलं! ट्रंकांना कडी लावून लावून हात गंजले." सागाची एक फळी त्यांनी लेकीच्या पलंगातून उरलेली जपून ठेवली होती, ती माळ्यावरून काढली.

मला किंचित टोचलं. पण चौकशी म्हटली की थोडं मन घट्ट करावंच लागतं.

खरी कृती चौथी आहे. डाव्या बाहीत रबरी पट्टी, तिच्या टोकाला चिमटा. ओळखपत्र सर्रकन बाहीत. ही कोणालाही सांगितलेली नाही. रोज संध्याकाळी साडेसहाला कपाटाच्या आरशासमोर एकट्यानं बसवतो आहे. दाराला कडी, ट्यूबलाइट लावलेली. त्याशिवाय आरशात बोटं नीट दिसत नाहीत.

४ डिसेंबर, गुरुवार

सरांची परवानगी काढून संध्याकाळच्या बॅचसमोर दहा मिनिटं चाचणी घेतली. 'मुलांची आवड समजून घ्यायची आहे,' असं त्यांना सांगितलं. खाजाभाईंचं टेबल कालच आलं होतं, ते मुद्दाम नेलं. चार दिवस खपून केलंय. चोरकप्पा इतका बेमालूम की मला स्वतःला दोनदा शोधावा लागला.

आता कोणती कृती ओरडतात त्यावरून चोर ठरणार. 'टेबल' म्हणाले की खाजाभाई. 'नक्कल' म्हणाले की बायको. 'दोरा' म्हणाले की पोटची पोर.

ओळखपत्र घेतलं. हात फिरवला. गायब.

मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, दाताला तारा लावलेली, अगदी अदबीनं म्हणाली, "सर, आज लवकर सोडलात. कोपर अजून वर यायचंय की. बाहीत दिसतंय."

'आज'? आणि बाही?

बाही कोणालाच सांगितली नव्हती. फक्त आरशाला.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल झोप लागली नाही. या घरात ऐकायचं यंत्र बसवलंय का इथपर्यंत गेलो. मिक्सरच्या मागे पाहिलं.

आज साडेसहाला पुन्हा आरशासमोर उभा राहिलो. या वेळी बोटांकडे पाहिलं नाही. आरशाकडे पाहिलं. आरशात मी. माझ्या मागे खिडकी. खिडकीच्या मागे बोळ. बोळाच्या मागे दुसरी खिडकी, आणि तिच्यात एकावर एक रचल्यासारखी पंधरा-वीस डोकी, हनुवट्या गजांवर टेकवून.

मी गर्रकन वळलो. डोकी भूमितीत बुडाली.

रेश्मा दारात येऊन उभी. "सांगितलं होतं की पडदा लावा."

"नीट सांगायचं ना!"

"जूनपासून बघतात ते. क्लासमध्ये तुमच्या वेळेला 'पिक्चर' म्हणतात. मी कशी सांगू? तुम्ही रोज आरशाला नमस्कार करून सुरू करता. तेही बघतात."

म्हणजे बालदिनाच्या पुढच्या रांगेत हीच मुलं होती. म्हणजे फितूर मी. सहा महिने, रोज, दिवे लावून.

७ डिसेंबर, रविवार

खाजाभाईंकडे गेलो. सापळा, तीन कृती, टेबल, सगळं सांगितलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली नाही, पण मारलीही नाही.

"म्हंजे हे टेबल लागणारच नव्हतं."

"नाही."

"आन तुमाला वाटलं, मी इकलं."

"वाटलं."

"बावीस साल." एवढंच म्हणाले. मग बाकड्यावरचं पोतं ओढून बाजूला केलं. खाली मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे कागद होते, आणि एक भिंग. "हे लपवत होतो. तुमाला कळलं असतं की डोळे गेले, तर काम दुसऱ्याला दिलं असतं. जाव मास्टर. टेबल ऱ्हाऊ द्या. बनवलंय."

डोळे गेलेले असताना तो कप्पा. मी घरी चालत आलो. गाडी दुकानापाशीच विसरली.

९ डिसेंबर, मंगळवार

पडदा लावायला खिळे आणले. नंतर आणखी एक विचार आला. या मुलांसमोर काही लपवणं शक्य नाही. आणि एवढे नेमाचे प्रेक्षक मला उभ्या आयुष्यात मिळाले नाहीत.

साडेसहाला आरशाकडे पाठ करून खिडकीसमोर उभा राहिलो. डोकी चपापली, पण हलली नाहीत. पत्त्यांचा एक प्रयोग केला. समोर सगळे अंगठे खाली. दोरी कापून जोडली. अंगठे खाली, एक जांभई. अंड्याचा प्रयोग काढला तेव्हा एकानं नाकच धरलं. मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहून धरलं: "आठ वाजता खाली या."

सहा जण आले. पुढारी तीच तारावाली. नाव शबाना.

"सर, रागावलात?"

"नाही. कोणाकोणाला सांगितलंत?"

"बालदिनाला जरा जास्त झालं. सॉरी. तुमचं सगळं पाठ होतं, मग तोंड राहिना. पण सकाळच्या बॅचला कायच नाय सांगितलं."

"का?"

"ते लई शहाणे समजतात स्वतःला." मग एकदम म्हणाली, "त्यांना गंडवू की आपण."

आपण! सव्वीस वर्षांत एकाही प्रेक्षकानं माझ्यासाठी हा शब्द वापरला नव्हता. साहजिकच संशय आला.

१४ डिसेंबर, रविवार

प्रयोग ठरला. निम्म्याहून अधिक त्यांचाच आहे.

सकाळच्या बॅचच्या मुलांकडून सात वस्तू घ्यायच्या, टेबलावर ओळीनं मांडायच्या. माझ्या डोळ्यांवर पट्टी. सकाळच्या बॅचमधल्या कोणीही येऊन गुपचूप एका वस्तूला बोट लावायचं. मी ती ओळखायची. युक्ती एवढीच: वस्तू तिसरी असेल तर संध्याकाळच्या बॅचमधून पेन तीनदा टिकटिकतं. दर वेळी वेगळं पेन, वेगळ्या कोपऱ्यातून.

माझ्या जुन्या पट्टीतून खालून दिसतं. शबाना म्हणाली, "ती नको सर. ते तपासतील. खरी बांधा."

म्हणजे मी पूर्ण आंधळा, आणि बेचाळीस पोरांच्या हातात. त्यातल्या एकानं मुद्दाम जास्त टिकटिक केली, एकानं सकाळच्या बॅचमधल्या मैत्रिणीला सांगितलं, की मी थेट टॉवेलच्या दुकानात. हा सहा महिने रचलेला डाव नसेल कशावरून? मला अजून खात्री नाही. वैजयंतीला हे बोललो तर ती म्हणाली, "पंधरा वर्षांच्या पोरांना तुमच्याशिवाय दुसरी कामं असतात."

१७ डिसेंबर, बुधवार

खाजाभाईंकडे जाऊन खरी कृती सांगितली. सात वस्तू, पेनं, टिकटिक, सगळं. बनवायचं काहीच नसताना त्यांना सांगितलेली ही पहिलीच जादू.

"मला कशाला सांगता?" ते कडी ठोकत म्हणाले. "कुटं फुटलं, तर परत माज्यावर यायचं."

"या एकवीसला."

"ऑपरेशन झालंय. डोळ्यात औषध घालायचं असतं."

२१ डिसेंबर, रविवार

रात्र व्हायच्या आत लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

मंगल कार्यालयाचा हॉल भरलेला. 'बाळांनो' म्हटलं नाही. टाळ्या मागितल्या नाहीत. पट्टी रेश्मानं बांधली, आणि कसून बांधली. सात वस्तू: कंपास, पाण्याची बाटली, सायकलची किल्ली, केसांचा चाप, खोडरबर, ओळखपत्र, एक मोजा. मोजा कोणी दिला कळलं नाही, वास आला.

पहिली खेप. अंधार. काही ऐकू येईना. मनात म्हटलं, फसवलं. मग डावीकडून टिक, टिक. "बाटली." कुजबुज. दुसरी खेप उजवीकडून चार. "चाप." तिसरीला सात. "मोजा, आणि धुवा." हॉल हशा-टाळ्यांनी दणाणला. बेचाळीसांत एकही पोर फितूर निघालं नव्हतं. मी प्रत्येक खेपेला फितुरी ऐकायला कान लावून उभा होतो.

तेवढ्यात विरेश सर उठले. गणिताचे मास्तर, उत्तर बरोबर आलं की रीत तपासतात. त्यांनी टेबल खालून वरून चाचपलं. "सापडला! हा बघा चोरकप्पा!" ओढला. रिकामा. सकाळची बॅच हसून लोळली. सरांचा आवाज बदलला.

"संध्याकाळची बॅच. पेनं खाली. हात डोक्यावर. आता मी स्वतः बोट लावतो."

बेचाळीस पेनं खाली पडल्याचा आवाज ऐकला. मग काही नाही. पट्टीआड मला दुकान दिसायला लागलं, टॉवेलांच्या थप्प्या, मल्लेश. "सांगा की," सर म्हणाले.

अगदी मागच्या रांगेतून कोणी तरी खोकलं. म्हातारा, पत्र्यासारखा खोकला. एक. दोन. तीन, चार, पाच. थांबला. मग जरा वेळानं आणखी एक.

पाच की सहा? तो खोकला कोणाचा हे मला कळलं होतं. आणि त्या माणसाला मला या हॉलसमोर खाली पाडायचा पुरेपूर हक्क होता, हेही. सहावा खोकला तर आरामात खोटा असू शकतो. खोडरबर म्हणावं की ओळखपत्र? मी असं किती वेळ उभा होतो देव जाणे.

"ओळखपत्र."

मग रेश्मा पहिल्यांदा ओरडली, शिट्टी वाजवल्यासारखी, आणि त्यानंतर मला काही ऐकू आलं नाही.

पट्टी सोडली तेव्हा मागची रांग रिकामी होती.

२३ डिसेंबर, मंगळवार

मल्लेशला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "बघा दाजी, विचार करा." विरेश सर सकाळी येऊन गेले. रीत सांगा म्हणून तासभर बसले. त्यांना सध्या रेश्मावर संशय आहे. मी तो काढायचा फारसा प्रयत्न केला नाही.

दुपारी खाजाभाईंकडे गेलो. डोळ्यांवर काळा चष्मा, पुढ्यात ट्रंक.

"परवा आला होतात."

"कोण म्हणतं?"

"खोकलात."

"हॉलात केवढी धूळ, मास्टर. माणूस खोकणारच की."

"सहा वेळा?"

"आता खोकला काय मोजून येतो का?" त्यांनी पोराला हाक मारून दोन चहा सांगितले.

दुकानात पत्रा कापायचं काम चालू होतं. सगळीकडे गंज, भुसा, धूळ. नव्या पेटीबद्दल बोलत मी तिथं तासभर बसलो. तासाभरात ते एकदाही खोकले नाहीत.